इस्माईल, तू खोटं बोलला नाहीस

इस्माईल,

आपलं भांडण अर्धंच राहिलं आणि तू निघून गेलास. बुधवारी तुला तळोज्याच्या कब्रस्तानात ठेवून घरी आलो, आंघोळ केली, सुनेनं दिलेला चहा प्यालो, आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की मंगळवारी फोनवर मी जे बोललो त्याचं तुझं उत्तर यायचं आहे. "उद्या बोलू नाखवा, अजान झाली," म्हणून तू फोन ठेवला होतास.

मला नाखवा म्हणणारं आता कुणी उरलं नाही. दिवाळे गावचा कोळी म्हणजे नाखवाच असणार, हे तू पहिल्या दिवशी ठरवून टाकलंस. माझ्या बापाची होडी होती हे खरं, पण मला होडीत बसवलं की ओकाऱ्या होतात हे तुला महिन्याभरात कळलं. तरी नाव बदललं नाहीस. उलट कंपनीत कुणी नवा आला की ओळख करून द्यायचास, "हा आमचा नाखवा. याला भरती आली की उलटी येते."

तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीत आपण एकाच वर्षी लागलो. शेजारशेजारचे दोन रिॲक्टर, एक तुझा, एक माझा. सेकंड शिफ्टला मगरिबची, संध्याकाळच्या नमाजाची, वेळ झाली की तू माझ्याकडे बघायचास, मी मान हलवायचो. तू हातपाय धुऊन पॅनेलमागच्या मोकळ्या जागेत पुठ्ठा अंथरायचास आणि सातेक मिनिटं तुझ्या रिॲक्टरच्या प्रेशरचा काटाही मी बघायचो. गणपतीच्या दिवसांत मला लवकर सुटायचं असलं की माझं काम तू ओढायचास. यात काही मोठं करतोय असं दोघांनाही वाटत नव्हतं. काटा लाल रेषेच्या पुढे गेला तर दोघांचाही कोळसा झाला असता, एवढा साधा व्यवहार होता तो.

मोठं बोलायला सुरुवात मी केली. आठवतं? कंपनीत कसला तरी ऐक्याचा कार्यक्रम होता आणि मॅनेजरनं मला माइकपुढे उभं केलं. मी छाती काढून म्हणालो, "सगळे धर्म सारखेच आहेत. माझा मित्र इस्माईल आणि मी, आमच्यात काहीच फरक नाही." टाळ्या पडल्या. तू पण वाजवल्यास. मग सायकल स्टँडवर मला गाठलंस.

"मला मान दिलास की गप्प केलंस रे?"

"म्हणजे?"

"सारखेच असते तर मी रोज पहाटे कशाला उठलो असतो? झोपलो नसतो का? मला माझं खरं वाटतं नाखवा. तुला तुझं वाटत असणार. तू म्हणतोस फरकच नाही. मग माझं काही ऐकायची तुला गरजच उरली नाही."

मी चिडलो. म्हटलं, मी तुझ्याबद्दल चांगलं बोललो आणि तू माझीच परीक्षा घेतोस? आपण एकमेकांना सहन करतो, सहिष्णुता म्हणतात त्याला, शाळेत शिकवलं नाही का?

तू हसलास. "सहन करायला मी काय तुझी दाढ आहे, दुखतेय म्हणून?"

तिथून जे सुरू झालं ते मंगळवारपर्यंत चाललं.

तुझा तो कडकपणा मला फार वर्षं खुपत होता. आमच्याकडे गणपतीला तू दरवर्षी यायचास. पुढच्या खोलीत बसायचास, आरतीच्या वेळी उठून अंगणात उभा राहायचास, आरती झाली की परत आत. पहिल्या वर्षी मंदानं तुझ्यापुढे करंजी धरली तेव्हा तू हात जोडलेस. "वहिनी, प्रसाद नको. पण जेवायला वाढा, भूक लागलीय." माझ्या बायकोचा चेहरा पडलेला मला आजही दिसतो. तू गेल्यावर मी म्हणालो, एवढा कसला कमजोर याचा देव, की एका करंजीनं मोडेल? आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत तुलाही तेच विचारलं.

तू म्हणालास, "तो नाही मोडणार. मी मोडेन."

मला ते कळलं नाही. मंदाला कळलं. पुढच्या वर्षी नैवेद्य दाखवायच्या आधीच तिनं दहा-बारा करंज्या एका डब्यात काढून ठेवल्या. तू आल्यावर डबा तुझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भावजी, ह्या देवाला दाखवायच्या आधीच्या हायेत. तुमच्या देवाचा नियम हाय, तो मोडनारे आमी कोन? खावा आता." तू सगळ्या संपवल्यास. मी रागावलो, तर मला म्हणाली, "मी चतुर्थीला म्हावरं विकते, पन खाते का? तुमी कधी म्हनालात का, की खा म्हनून?" बेलापूरच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई. तुझं भांडण माझ्याशी होतं, पण तुला समजून घेतलं तिनं.

रमजानात तू सेकंड शिफ्टला असलास की तिचा डबा यायचा, तुझ्यासाठी वेगळा. तळलेली मांदेली, तांदळाची भाकरी. खजूर तुझे, डबा तिचा. सोळा-सतरा रमजान तरी हे चाललं असेल. मी विचारायचो, "काय रे, हिंदूच्या हातचं चालतं रोजा सोडायला?" तू तोंड भरलेलं असताना म्हणायचास, "गप. काटा बघ."

आणि तो माझा लाडका प्रश्न. भांडणात तुझ्यापुढे जायचं असलं की मी तो काढायचो. "ते सगळं राहू दे. तुझ्या धर्माप्रमाणे मी जहन्नममध्ये जाणार की नाही, तेवढं सांग."

"माझंच ठरलेलं नाही, तुझं कुठून सांगू?"

दर वेळी हेच उत्तर. मी हसायचो, तूही हसायचास. गंमत होती ती. गंमत म्हणूनच चालली होती.

मंदा आजारी पडली तेव्हा तू काय केलंस ते मी इथे लिहीत नाही. ते तुलाही आवडणार नाही. तिला खांदा द्यायला तू होतास, खाडीवरच्या स्मशानात लाकडं रचायलाही होतास, एवढंच. बाराव्याच्या दिवशी जेवणं उरकून माणसं पांगली. मंडपाच्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या. आपण दोघं पडवीत होतो. तू माझ्या पाठीवर हात ठेवला होतास. आणि माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला. फक्त या वेळी गंमत नव्हती.

"इस्माईल, मंदा कुठे असेल?"

तू म्हणालास, "अल्लाला ठाऊक."

"तुझ्या किताबात काय आहे ते विचारतोय. तुमच्यात जी नाही, तिचं काय होतं?"

तू पाठीवरचा हात काढलास. "नाखवा, आज नको."

"आजच सांग. ती जहन्नममध्ये आहे?"

तू उलट्या खुर्च्यांकडे बघत राहिलास.

"नाही म्हण ना. अरे, खोटं तरी म्हण! तुझं काय जातं? एक शब्द."

तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाढीतून खाली शर्टावर पडत होतं. पण तू 'नाही' म्हणाला नाहीस. मी किती वेळ वाट बघितली मला माहीत नाही. मग मी उठलो आणि म्हणालो, "निघ माझ्या घरातून. जिच्या हातचं खाल्लंस, तिच्यासाठी तुझ्याकडे एक शब्द नाही." तू चपला हातात घेऊनच अंगण ओलांडलंस. पायात घालायलाही थांबला नाहीस.

चार महिने आपण बोललो नाही. मी शिफ्ट बदलून घेतली. तुझा काटा तेव्हा कोण बघत होतं, मी विचारलं नाही. घरात मी एकटा. मुलगा सीवूड्सला चल म्हणत होता, मी जात नव्हतो. रात्रंदिवस एकच घोळवायचो, की बाकी कुणीही, अगदी अनोळखी माणूस, रस्त्यातला पोस्टमनसुद्धा म्हणाला असता की बाबा, एवढी चांगली बाई, ती स्वर्गातच असणार. ह्या एकट्याच्याच तोंडून ते निघालं नाही. याला तिच्यापेक्षा त्याचा नियम मोठा.

मग एका रविवारी दुपारी तू जेट्टीवर आलास. मंदा जिथे बोंबील वाळत घालायची त्या वलांडीखाली मी बसलो होतो. बांबू रिकामे होते. तू न विचारता शेजारी बसलास आणि खाडीकडे बघत बोलायला लागलास. जणू मधले चार महिने झालेच नव्हते.

"मी मौलानांना जाऊन विचारलं. नाव नाही सांगितलं. ते म्हणाले, ईमान न आणता गेलं त्याच्यासाठी माफीची दुआ आपल्याला मागता येत नाही. बाकी त्याचा फैसला त्याच्याकडे. मी म्हटलं, ठीक."

"हेच सांगायला आलास?"

"ऐक तर. मी दुआ नाही मागितली. साक्ष दिली. नमाज झाल्यावर तिथेच बसून राहिलो आणि म्हटलं, या बाईला मी ओळखतो. पैगंबरांनी सांगितलंय, जो दुसऱ्याचा रोजा सोडवायला खायला घालतो त्याला त्या रोज्याचा सवाब, त्याचं पुण्य मिळतं. माझे इतके रोजे हिच्या डब्यावर सुटले. म्हणजे तुझ्याकडे हिचं काहीतरी जमा आहे. ते कुठे ठेवलंयस, तुझं तू बघ. मी विसरणार नाही, माझा हिशेब होईल तेव्हा पहिलं हेच विचारीन. चार महिने रोज हेच म्हणतोय. पाचही वेळा."

मी रिकाम्या बांबूंकडे बघत होतो.

"त्या दिवशी तुला 'नाही' म्हणालो असतो तर तुला बरं वाटलं असतं," तू म्हणालास. "पण मग वहिनी म्हणजे लहान मूल झाली असती, गोळी देऊन झोपवायला. मला ते जमलं नाही."

खरं सांगू? तुझं उत्तर मला पुरलं नाही. आजही पुरत नाही. मंदासारख्या बाईला आत घ्यायला एवढी साक्ष लागत असेल तर त्या दरवाज्यातच काहीतरी चूक आहे, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. तू म्हणालास, "ते त्याला सांग, मला काय सांगतोस?" पण घरी येताना माझ्या लक्षात आलं, की चार महिने मी तुला शिव्या देत होतो आणि तू माझ्या बायकोसाठी तुझ्या देवाशी वकिली करत होतास. नियम एकही न मोडता. तुझ्या जागी मी असतो तर पडवीतच खोटं बोलून मोकळा झालो असतो, आणि बाराव्यानंतर तिचं नावही माझ्या प्रार्थनेत घेतलं नसतं. तुझं 'नाही' न म्हणणं आणि तुझं ते पाच वेळा म्हणणं, दोन्ही एकाच माणसाचं होतं. मला त्यातलं एकच हवं होतं.

मग आपण रिटायर झालो. मी सीवूड्सला आलो. तू दर दोन-तीन आठवड्यांनी यायचास, आपण पामबीच रस्त्याच्या बाजूला चालायला जायचो आणि भांडायचो. शेवटचं भांडण तुझ्या भाच्यावरून, फैजानवरून. तिशीचा मुलगा, बेलापूरला आयटीत कामाला, तुमच्याकडेच राहायला. तो तुला म्हणाला होता, "मामू, गणपतीच्या घरात जाऊन बसणंसुद्धा बरं नाही. प्रसाद न खाल्ल्यानं काय होतं?" तू मला हे हसत सांगितलंस आणि माझं डोकं फिरलं.

"त्याला घराबाहेर काढ," मी फोनवर म्हणालो. "असल्यांना थारा द्यायचा नसतो."

"का? माझ्याहून जरा जास्त कडक आहे म्हणून? तुला मी पण असाच वाटायचो."

"तू वेगळा. तू येतोस तरी."

"त्याच्याशी रोज जेवताना बोलतोय. बोलू दे मला. तू म्हणतोस काढ, तो म्हणतो जाऊ नका. दोघांना घाई झालीय."

"म्हणजे उद्या तो म्हणाला म्हणून तू यायचं बंद करशील?"

इथे अजान झाली.

बुधवारी सकाळी फोन आला तो फैजानचाच. "काका, मामू गेले. असरच्या नमाजनंतर, पाचच्या सुमारास जनाजा आहे. तुम्ही याल ना?" मी येईन की नाही, असा प्रश्न त्याच्या आवाजात होता.

कब्रस्तानापाशी पोचलो तेव्हा माणसं रांगांत उभी राहत होती. एकानं मला हात केला, "चाचा, आ जाओ, सफ में आ जाओ." मी तसाच उभा राहिलो. मला सहज उभं राहता आलं असतं. टोपी नसली तर रुमाल होता. कुणाला कळलंही नसतं. पण ती दुआ मला येत नाही आणि तुझ्यासमोर नुसते ओठ हलवायची माझी हिंमत झाली नाही. मी त्या माणसाला म्हणालो, "मी हिंदू आहे. मित्र आहे त्याचा. मी इथे मागे थांबतो." तो गोंधळला. तेवढ्यात फैजान रांगेतून बाहेर आला, कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, झाडाच्या सावलीत ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही इथे. कुणी काही बोललं तर मला हाक मारा." आणि धावत जाऊन रांगेत उभा राहिला.

मी खुर्चीवर बसलो नाही. नमाज होईपर्यंत तिच्या पाठीला धरून उभा होतो. माती द्यायची वेळ आली तेव्हा फैजाननंच मला पुढे घेतलं. तीन मुठी. तळोज्याची माती ओली आणि जड होती, नखांत गेली. त्या पोराच्या बाबतीत माझी चूक झाली, एवढं तू ऐकून ठेव.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधीच बोललो नाही.

त्या चार महिन्यांतला एक दिवस. शिफ्ट बदलायच्या वेळी कँटीनमध्ये जेवताना कुठल्या तरी बातमीवरून पोरांचं चाललं होतं, मुसलमान असे आणि मुसलमान तसे. कुणीतरी म्हणालं, "नाखवांचा दोस्त आहे ना पण." माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "कितीही दोस्ती करा. ती माणसं शेवटी आतून अशीच." सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळलो तर तू ताट घेऊन उभा होतास. तू पुढच्या टेबलावर बसलास, पूर्ण जेवलास, एक शीत टाकलं नाहीस, ताट धुऊन ठेवलंस आणि गेलास. त्यानंतर महिन्याभरानं तू जेट्टीवर आलास. हे ऐकल्यानंतर आलास. आणि पुढची इतकी वर्षं त्या वाक्याबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. मी पण नाही. दर भेटीत वाटायचं, आज बोलू. मग तू काहीतरी भांडण काढायचास आणि मला सुटल्यासारखं व्हायचं.

काल संध्याकाळी सोसायटीच्या बागेत आम्ही चौघं म्हातारे बसलो होतो. बुधवारी कुठे होतात, म्हणून सावंतांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "कब्रस्तानात? तुम्हाला आत येऊ दिलं?" दुसरे म्हणाले, "देतील हो. वरून सगळे गोडच. आतून काय असतात ते आपल्याला माहीत आहे."

मला नीट बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू असतास तर कुठे काय चुकलं ते वाटेत मला सांगितलं असतंस. मी उभाच राहिलो. म्हणालो, "हे मी पण बोललेलो आहे. कँटीनमध्ये. आणि तो माझ्या मागे उभा होता." मग सगळं सांगितलं, मंदाचं, पडवीतलं, जेट्टीवरचं. क्रम चुकला, पुन्हा मागे जावं लागलं. सावंत मला सावरायला म्हणाले, "अहो, तुमचा मित्र वेगळा होता. अपवाद असतात."

"अपवाद नव्हता," मी म्हणालो. "पाच वेळची नमाज. तीस रोजे. माझ्या घरचा प्रसाद त्यानं कधी तोंडात घातला नाही, माझी बायको गेली तेव्हा मला हवं ते खोटं बोलला नाही, आणि चार महिने रोज तिच्यासाठी भांडला. हे सगळं तो मुसलमान होता म्हणूनच होतं. मुसलमान असूनसुद्धा नव्हे."

एक जण उठून गेले, त्यांची फिरायची वेळ झाली होती म्हणे. दुसरे मोबाइलमध्ये बघत बसले. आता ते माझ्या बाकावर बसतील की नाही मला माहीत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटेल, कारण मला इथे दुसरं कुणी नाही. सावंत मात्र बसून होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "नाव काय म्हणालात तुम्ही त्यांचं?"